एनसीएए ‘हो’ म्हणते, विद्यापीठ ‘नाही’ म्हणतं: शेजारच्या पिंट्याचं फुटबॉल

मिरजकर_मावशी

नमस्कार मंडळी. धागा क्रीडा विभागात टाकावा की शिक्षण विभागात हे कळेना, म्हणून इथे टाकते. चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही साउथ कॅरोलायनात राहतो. शेजारचा मुलगा, त्याला इथे पिंट्या म्हणू, यंदा बारावी संपवून कॉलेजात फुटबॉल खेळायला जाणार होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हाताने खेळायचं. पिंट्या नावावर जाऊ नका. सहा फूट चार इंच उंची, वजन १४० किलोच्या आसपास. आमच्या दारात आधी अंधार होतो, मग पिंट्या येतो. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, बाप नाही, मामा आहे.

गेल्या वर्षी त्याला चार विद्यापीठांच्या ऑफर होत्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला तो कमिट झाला, डिसेंबरात सही केली. शाळेच्या जिममध्ये समारंभ झाला, टेबलावर चार टोप्या मांडल्या होत्या, त्याने त्यातली एक उचलून घातली, आई रडली, मीही रडले. मे महिन्यात पदवीदान झालं. सामान बांधून तयार. आणि परवा कोचचा फोन आला की प्रवेश समितीने नकार दिलाय.

मला कळत नाही ते असं. एनसीएएचे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे, सगळे निकष तो पूर्ण करतो, शाळेच्या कौन्सेलरने मला कागद दाखवला. मग विद्यापीठ नाही कसं म्हणू शकतं? त्यांनीच तर त्याला बोलावलं होतं! अडलंय म्हणे अल्जिब्रा टू, म्हणजे हायस्कूलचं पुढचं बीजगणित. अकरावीत तो त्यात नापास झाला होता, मग शाळेनेच त्याला ऑनलाइन ‘क्रेडिट रिकव्हरी’ कोर्स करायला लावला. तीन आठवड्यांत संगणकावर बटणं दाबून पास. त्यानंतर तो माझ्याकडे शनिवारी यायला लागला. मी मिरजेला १६ वर्षं गणित शिकवलंय, पोरगं ढ आहे की नुसतं कोणी शिकवलेलं नाही, एवढं मला कळतं. हा ढ नाही. वर्गसमीकरणं येतात त्याला, पोहे खात खात सोडवतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विचारू नका.

अर्धवटराव

१४० किलोचा पिंट्या. पहिल्या परिच्छेदातच धागा जिंकलात मावशी. वाचतोय.

निळी_बस

पुण्यातून एक बाळबोध प्रश्न. टोप्या कसल्या?

बकआय_बाप्पा

टोप्या म्हणजे नाटक हो. मुलाने कुठल्या कॉलेजला जायचं ते टेबलावरची टोपी उचलून जाहीर करायचं. स्थानिक चॅनेलवाले येतात. आपल्याकडे साखरपुड्याला जेवढी माणसं नसतात तेवढी असतात.

मावशी, वाईट वाटलं, पण हे नवीन नाही आणि तुमच्याच राज्यात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. ऑगस्ट २००७. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाचे कोच स्टीव्ह स्परियर. स्वतः १९६६ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) जिंकलेले, फ्लोरिडाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेले, म्हणजे साधं प्रस्थ नव्हे. त्यांनी सही करून आणलेल्या दोन मुलांना विद्यापीठाच्या प्रवेश समितीने ऐन हंगामाच्या तोंडावर नाकारलं. दोघंही एनसीएएच्या निकषात बसत होते. स्परियर पत्रकारांसमोर भडकले. सूर असा की एनसीएए ज्यांना पात्र ठरवते त्यांना इथे घेणार नसाल तर मला दुसरीकडे नोकरी बघावी लागेल. त्यांना सगळ्यात लागलं होतं ते हे, की त्या मुलांच्या घरी जाऊन त्यांनी स्वतः शब्द दिला होता.

गेले मात्र कुठे नाहीत. २०१५पर्यंत तिथेच होते.

शाई_आणि_पेन

मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक विभागाच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये लिहायला शिकवत होते. ‘शिकवत’ हा शब्द जरा मोठा झाला, पण असो. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर देते.

एनसीएए फक्त एवढंच ठरवते की हा मुलगा पहिल्या वर्षी मैदानात उतरू शकतो का. वर्गात बसू शकतो का, हे ठरवण्याचा तिला अधिकारच नाही. तो विद्यापीठाचा. दोन्हींची मोजमापं वेगळी, कचेऱ्या वेगळ्या, आणि एकीचा होकार दुसरीला बांधील नाही. सही केलेल्या कागदातही ‘प्रवेश मिळाल्यास’ ही अट असते. ती ओळ वाचतं कोण? पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद असे, १९६४पासून होता. त्यातही प्रवेश नाकारला की पत्र रद्द आणि मुलगा मोकळा, असंच होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते पत्र बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार असतो. पण अट आहे तिथेच आहे.

आता एनसीएएचं मोजमाप. पहिल्या डिव्हिजनसाठी, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटासाठी, हायस्कूलचे १६ ‘कोअर’ कोर्स लागतात. चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, दोन वर्षं विज्ञान, दोन वर्षं समाजशास्त्र, बाकीचे यातलेच किंवा परकीय भाषा वगैरे. त्यातले १० बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत झाले पाहिजेत, आणि त्या १०पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. हे १० एकदा झाले की कुलूपबंद. पुन्हा बसून गुण वाढवता येत नाहीत. कोअर विषयांची सरासरी ४पैकी किमान २.३. ही २.० ते २.३च्या मध्ये असेल तर ‘अकॅडेमिक रेडशर्ट’, म्हणजे शिष्यवृत्ती घ्या, सराव करा, पण पहिलं वर्ष सामना नाही. सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट जानेवारी २०२३मध्ये काढून टाकली.

२.३ म्हणजे सी प्लसच्या आसपास. मोठ्या विद्यापीठात साध्या दाराने येणाऱ्या मुलाची सरासरी याच्या खूप वर असते. तेव्हा खेळाडूला बहुतेक वेळा ‘विशेष प्रवेश’ म्हणून घेतात. तिथे समिती एकेक फाइल हातात घेऊन बसते. अशा समितीला ट्रान्स्क्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) नापास, आणि त्याच्याच खाली तीन आठवड्यांत ऑनलाइन ‘बी’ ग्रेड दिसली, की भुवया वर जातातच.

मिरजकर_मावशी

पण तो कोर्स शाळेने करायला लावला! आणि एनसीएएने तो धरलाय.

शाई_आणि_पेन

धरला असेल. कोर्स त्यांच्या मंजूर यादीत असला आणि शिक्षकाचा विद्यार्थ्याशी खराखुरा संपर्क असला तर धरतात. तेही आताआताशा कडक झालंय. पूर्वी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे पत्राने-इंटरनेटने करायचे कोर्स हा खेळाडूंचा राजमार्ग होता. मायकल ओहर हा पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, गेलेला खेळाडू तसलेच दहा-दहा दिवसांचे कोर्स करून सरासरी वर आणून २००५मध्ये मिसिसिपीला गेला. २०१०मध्ये एनसीएएने ते कोर्स धरायचं बंद केलं.

शाळेचं म्हणाल तर शाळेला पदवीदानाची टक्केवारी दाखवायची असते. पोराला गणित आलं का, हा प्रश्न त्या आकड्यात कुठेच नाही.

खडूस_काका

मुळात कॉलेजने लाखभर माणसांचं स्टेडियम बांधून ठेवायचं कारण काय? विद्यापीठ आहे की आखाडा? जगात कुठेही नाही हे.

अर्धवटराव

काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

गणिताची_वही

मला एक कळत नाही, इतकं वाईट वाटण्यासारखं यात काय आहे? माझ्या मुलीला सॅटला १५४०, शाळेत दुसरी, चार वर्षं व्हायोलिन, अन्नछत्रात सेवा. तिला अशाच एका विद्यापीठाने नाकारलं. कोणी जिममध्ये रडलं नाही. तिच्यासाठी कोणी कोच घरी येऊन सोफ्यावर बसला नव्हता. आणि जो मुलगा अल्जिब्रा टू नापास झाला त्याला एकाने नाकारलं तर दोन हजार शब्दांचा धागा? समितीने बरोबर केलं. उशिरा का होईना, कोणीतरी दार लावलं.

बकआय_बाप्पा

वहीताई, मुलीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तिची जागा पिंट्याने घेतली नव्हती. तिला नाकारलं मार्चमध्ये. तोपर्यंत तिच्या हातात दुसरे पाच-सात पर्याय होते, आणि मेच्या पहिल्या तारखेपर्यंत ठरवायची मुभा. पिंट्याला ‘तू आमचाच’ म्हणून डिसेंबरात बांधून ठेवलं आणि जूनमध्ये सोडलं. बाकीच्या तिघांनी त्याच्या जागी कधीच दुसरे घेतले. नकार द्या ना, पण वेळेवर द्या.

गणिताची_वही

हे मान्य. वेळेचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही.

खडूस_काका

मान्य केलं? या स्थळावर? स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

निळी_बस

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, कॉलेजात क्रीडा कोटा असतो. माझा चुलतभाऊ कबड्डीवर लागला. पण त्याला घेतलं म्हणजे घेतलं. प्रवेश झाल्यावरच कोचने तोंड पाहिलं. इथे कोच आधी आणि कॉलेज नंतर, हेच उलटं वाटतंय.

शाई_आणि_पेन

अगदी बरोबर बोट ठेवलंत. कोच ऑफर देतो तेव्हा मूल नववी-दहावीत असतं. त्या वेळी प्रवेश कचेरीने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. कोचला वाटतं, पुढचं पुढे बघू, आपला शब्द आहे. आणि कुटुंबाला वाटतं की कोच म्हणजेच विद्यापीठ. घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं नसेल तर दुसरं वाटणार तरी काय?

ज्या विद्यापीठांची प्रवेश कचेरी खमकी आहे तिथले कोच शहाणे होतात. ते आधी ट्रान्स्क्रिप्ट मागवतात, आतून अंदाज घेतात आणि मगच ऑफर देतात. स्टॅनफर्डला तर इतरांसारखा पूर्ण अर्ज भरावा लागतो, निबंधासकट. तिथे कोच मुलाला तोंडावर सांगतो की प्रवेशाचं पत्र येईपर्यंत माझी ऑफर कच्ची समज.

पण वहीताई, तुमच्या बाजूनेही बोलते. दार सताड उघडं ठेवल्यावर काय होतं तेही मी पाहिलंय आणि वाचलंय. जॅन केम्प म्हणून जॉर्जिया विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाई होत्या. १९८१मध्ये नऊ फुटबॉलपटू त्यांच्या विभागात नापास असताना वर ढकलले गेले, कारण समोर शुगर बोल हा मोठा सामना होता. बाई बोलल्या, नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या, आणि १९८६मध्ये ज्यूरीने २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. पुढे ती बरीच खाली आली, पण विद्यापीठाची जायची ती अब्रू गेलीच.

आणि डेक्स्टर मॅनली. ओक्लाहोमा स्टेटला चार वर्षं खेळला, वॉशिंग्टनच्या संघाकडून दोन सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकला. १९८९मध्ये सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला आणि रडत सांगितलं की मला वाचता येत नव्हतं. चार वर्षं कॉलेज! कोणालाच ठाऊक नव्हतं असं तुम्हाला वाटतं?

माझ्याकडे एक मुलगा यायचा, अतिशय गोड. परिच्छेद वाचायला दिला की म्हणायचा, मॅम, चष्मा विसरलो. दोन महिने विसरत होता. त्याला चष्मा नव्हताच.

गणिताची_वही

…

मिरजकर_मावशी

शाई, हे वाचून पोटात कालवलं.

पिंट्याला वाचता येतं. हळू वाचतो, पण येतं. हे मुद्दाम सांगते.

बकआय_बाप्पा

शाईताईंच्या प्रतिसादाला +१. थोडा इतिहास, कारण हे निकष काही आकाशातून पडलेले नाहीत. जॉर्जियासारखी लफडी बाहेर येत होती त्याच काळात, १९८३मध्ये, एनसीएएने ‘प्रपोझिशन ४८’ मंजूर केलं. लागू झालं १९८६पासून. ११ कोअर विषयांत २.० सरासरी आणि सॅटला १६००पैकी ७००. यात न बसणाऱ्याला पहिलं वर्ष खेळ बंद, सरावसुद्धा बंद.

पहिल्याच वर्षी त्यात अडकला तो टोनी राइस. तुमच्याच राज्यातल्या वुडरफ गावचा, मावशी. नोत्र दाम विद्यापीठाने घेतला, पण १९८६चा अख्खा हंगाम पोराने बाहेर बसून काढला. नुसता अभ्यास. १९८८मध्ये तोच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकणारा संघाचा सूत्रधार, आणि नोत्र दाम १२ पैकी १२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेते. त्यानंतर आजतागायत नोत्र दाम पुन्हा विजेता झालेला नाही, हे जाता जाता.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की सर्वांत जास्त फटका काळ्या मुलांना बसला, तोही मुख्यतः सॅटच्या आकड्यामुळे. १९८९मध्ये त्यावर कडी करणारं ‘प्रपोझिशन ४२’ आलं, की अर्धवट पात्र मुलांना शिष्यवृत्तीही नको. तेव्हा जॉर्जटाऊनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्प्सन सामना सुरू होण्याआधी खांद्यावरचा पांढरा टॉवेल सहायकाकडे देऊन चालते झाले. १४ जानेवारी, बॉस्टन कॉलेजविरुद्ध. नियम मवाळ करावा लागला. सॅट जायला मात्र २०२३ उजाडलं.

खडूस_काका

म्हणजे आधी कोणीही या, मग परीक्षा द्या, मग परीक्षा नको. आमच्या सोसायटीची पार्किंगची नियमावली अशीच बदलते.

निळी_बस

मग पिंट्यापुढे आता रस्ते काय?

बकआय_बाप्पा

तीन आहेत, आणि त्यांत फरक मोठा आहे. मावशी, हे नीट वाचा.

पहिला, प्रेप स्कूल. एक वर्ष बारावीनंतरची तेरावी म्हणा ना. बहुतेक लष्करी शिस्तीच्या निवासी शाळा. व्हर्जिनियातली फोर्क युनियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी यासाठी प्रसिद्ध, एडी जॉर्ज, व्हिनी टेस्टावर्डी तिथलेच. फायदा असा की पूर्णवेळ कॉलेजात नाव घातलं की एनसीएएचं पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, खेळायचं ते त्या मुदतीतच, प्रेपमध्ये ते सुरू होत नाही. तोटा, फी.

दुसरा, ज्युनियर कॉलेज. आपलं अकरावी-बारावीचं नव्हे. इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. कॅन्सस, मिसिसिपी, टेक्सासात फुटबॉल जबरदस्त. पण इथे घड्याळ सुरू. पिंट्या एनसीएएच्या हिशेबात पात्र असल्यामुळे त्याला निघणं सोपं. जो पात्रच नसतो त्याला तिथली दोन वर्षांची पदवी घेऊनच निघता येतं. शिवाय २०२४च्या नोव्हेंबरात व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया कोर्टात गेला की ज्युनियर कॉलेजची वर्षं माझ्या खेळाच्या वर्षांत धरू नका, आणि डिसेंबरात त्याला मनाई हुकूम मिळाला. तेव्हापासून तो सगळा भाग हलता आहे. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

तिसरा, दुसरं विद्यापीठ, आत्ताच, या उन्हाळ्यात. घेणारं असेल तर हाच उत्तम.

अर्धवटराव

फोर्क युनियनवरून आठवलं, बाप्पा तुमच्या ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स पण तिथूनच आला ना? तोच ना तो, ज्याने आम्ही इथे शाळा शाळा खेळायला आलो नाही, वर्ग कशाला हवेत, असं ट्विटरवर टाकलं होतं?

बकआय_बाप्पा

हो, तोच. २०१२. दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पण पुढचंही सांगा. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक असताना वरचे दोघं जखमी झाले, तर या पठ्ठ्याने २०१५च्या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं. आणि २०१७मध्ये परत येऊन पदवी घेतली. ‘शाळा’ खेळून झाली.

अवांतर: प्रवेशावरून घोटाळा फक्त बारावीच्या मुलांचा होतो असं नाही. २०२२मध्ये बास्केटबॉलचा टेरेन्स शॅनन टेक्सास टेकहून मिशिगनला जायला निघाला, क्रेडिटांवरून अडलं, इलिनॉयला गेला. २०२३मध्ये केलेब लव्ह नॉर्थ कॅरोलायनाहून मिशिगनला निघाला, पुन्हा तेच, अ‍ॅरिझोनाला गेला. आमच्या जुन्या वैऱ्याच्या, मिशिगनच्या, वाट्याला आलं म्हणून मला झालेला आनंद मी ओहायोचा माणूस म्हणून लपवणार नाही.

शाई_आणि_पेन

हसू आलं, पण त्या नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिलला, १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं कागदावरचे वर्ग चालले. व्याख्यान नाही, प्राध्यापक नाही, एक पेपर टाकायचा, कचेरीतली बाई ग्रेड देणार. ३,१००हून अधिक विद्यार्थी, त्यातले निम्म्याच्या जवळपास खेळाडू. २०१४च्या चौकशी अहवालात सगळं आलं. आणि २०१७मध्ये एनसीएए म्हणाली, हे वर्ग सर्वांनाच खुले होते, म्हणून आम्ही काही करू शकत नाही.

दारात तीन आठवड्यांच्या कोर्सवरून मुलाला अडवतात, ते योग्यच आहे असं मी धरून चालते. आत गेल्यावर तीच संस्था काय शिकवते, हे बघायला मात्र कुठली समिती बसत नाही.

खडूस_काका

हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

मिरजकर_मावशी

मंडळी, ताजी बातमी. तुमचे प्रतिसाद मी पिंट्याच्या आईला भाषांतर करून वाचून दाखवले. प्रेप आणि ज्युनियर कॉलेज यातला घड्याळाचा फरक तिला कोणीही सांगितला नव्हता. कोचने फोनवर ‘एक वर्ष ज्युनियर कॉलेजला जा, आम्ही जागा राखून ठेवतो’ एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, राखून ठेवतो असं तर डिसेंबरातही म्हणाले होते.

तिच्याकडे बघून मला आमच्या शाळेतल्या पालकांची आठवण झाली. साहेबासमोर मान खाली घालून ‘बरं’ म्हणणारे. तिने मात्र ‘बरं’ म्हटलं नाही. उलट विचारलं की ही अडचण तुम्हाला कधी कळली? कोच म्हणाला, एप्रिलमध्ये शंका आली होती. एप्रिल! एप्रिलमध्ये मी या पोराला रोज शिकवलं असतं हो. एक नवा कोर्स नीट वर्गात बसून करता आला असता.

गणिताची_वही

एप्रिलमध्ये शंका आणि जूनमध्ये फोन? आता मात्र मलाच राग आला.

मावशी, माझ्या मुलीने उन्हाळ्यात ऑनलाइन शिकवायचं ठरवलंय. तिला अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस दोन्ही चांगलं येतं. हवी असल्यास सांगा. पैसे वगैरे नको.

अर्धवटराव

आता मलाही कोणीतरी जिममध्ये न्या, रडायचंय.

बकआय_बाप्पा

आईला सांगा, कोचकडून ‘प्रवेश नाकारला’ हे लेखी घ्यायला. तोंडी नको. दुसऱ्या ठिकाणी शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करताना पहिला करार संपलाय हे दाखवावं लागेल. आणि एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला अंतिम ट्रान्स्क्रिप्ट शाळेकडून थेट जाऊ दे. घरून पाठवलेली ते धरत नाहीत.

मिरजकर_मावशी

घेतलं लेखी. मामाने जाऊन घेतलं, त्याचीही उंची तेवढीच आहे.

मिरजकर_मावशी

सात आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

झालं ते असं. दोन राज्यं पलीकडचं एक लहान विद्यापीठ. फुटबॉल पहिल्याच डिव्हिजनचं, पण खालच्या पायरीचं, टीव्हीवर दिसत नाही. तिथल्या लाइनच्या कोचने दहावीत त्याला पाहिलं होतं. त्याने फोनवर पहिलं वाक्य असं म्हटलं की आधी ट्रान्स्क्रिप्ट पाठवा, मी प्रवेश कचेरीत विचारतो, मग बोलू. पिंट्याच्या आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, हा माणूस खरा वाटतो. नऊ दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. ऑफर त्यानंतर आली.

शिष्यवृत्ती पूर्ण नाही. खोली आणि जेवणाचा काही भाग घरून भरायचा आहे, त्यासाठी कर्ज काढलंय. पिंट्या चार दिवस बोलत नव्हता. मोठ्या स्टेडियमचं स्वप्न होतं त्याचं, अठरा वर्षांचं पोर आहे, त्याला मी कशाला शहाणपण सांगू? मी फक्त गणिताची वही उघडली. पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, मिस मीरा, तिथे पोचल्यावर गणिताची चाचणी असते, त्यात पडलो तर पहिलं सेमिस्टर पुन्हा शाळेचंच गणित करायला लागेल.

मग वहीताईंची लेक आणि मी अशा दोघींनी मिळून महिनाभर त्याला धरला. ती सोमवारी-बुधवारी स्क्रीनवरून, मी शनिवारी-रविवारी प्रत्यक्ष. लॉगॅरिदमवर गाडी रुतली होती. मुलीने त्याला भूकंपाच्या रिश्टरवरून समजावलं, माझ्या १६ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. चाचणीत कॉलेज अल्जिब्राच्या वर्गात बसण्याइतके गुण पडले. आठ गुण जास्त. मला विचाराल तर त्रिकोणमितीत अजून कच्चा आहे.

परवा मामाच्या पिकअपमधून गेला. पुढच्या सीटवर पाय मावत नव्हते, म्हणून पंखा मागे बांधला. डिसेंबरातली ती टोपी आईने फेकली नाही, कुत्र्याच्या घरात टाकली आहे.

शेवटचं काम. त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर कोणी मराठी कुटुंब आहे का? गावाचं नाव व्यनित (खाजगी निरोपात) सांगेन. शनिवारी घरच्या मैदानावर पहिला सामना आहे आणि मला चिवडा पाठवायचा आहे. पोस्टाने पाठवला तर चुरा होतो. पाच किलो आहे.

अर्धवटराव

पाच किलो!

मिरजकर_मावशी

अरे १४० किलोचा आहे तो.

खडूस_काका

आमचा पुतण्या तिकडेच कुठेतरी असतो, अंतर विचारून सांगतो. व्यनि केलाय. दाणे जास्त घाला.